ठोकलेली रेस गाडी परत पळवायची का, हे ठरवणार कोण?

गेटग्रिल_मामा
राम राम मंडळी. अक्कलकोट रोड एमआयडीसीत आपलं बारकं फॅब्रिकेशनचं शेड आहे. गेट, ग्रिल, पत्र्याचे शेड, सीझनला उसाच्या ट्रॉल्यांची चासी. ड्रॅग रेस म्हणजे मला आत्तापर्यंत एवढंच माहीत होतं की रात्री बारानंतर पोरं विजापूर रोडला बुंगाट जातात आणि दुसऱ्या दिवशी कुणाचा तरी हात गळ्यात असतो.

आता भाच्यामुळं डोक्याला ताप झालाय. त्यानं आणि त्याच्या दोन दोस्तांनी मिळून एक जुनी सेडान घेतली. आधीच्या मालकानं ती रेससाठीच बनवलेली, टर्बो बसवलेला, मागची सीट काढलेली, आत पाइपचं केज, म्हणजे गाडी उलटली तर ड्रायव्हर चेपू नये म्हणून पिंजरा. कुठल्यातरी धावपट्टीवरच्या 402 मीटरच्या सरळ रेसमध्ये ती आडवी होऊन ठोकली होती. विकणारा म्हणाला नुसतं बंपर आणि हेडलाइट गेले, बाकी सगळं ओके. स्वस्तात मिळाली म्हणून तिघं खूश. आता पुढच्या महिन्यात एका रेसला नाव द्यायचंय आणि त्याआधी "मामा जरा खालनं बघून घे" म्हणून गाडी माझ्या शेडमध्ये आणून लावलीय.

बघितली. डाव्या बाजूला जमिनीच्या पत्र्यावर ताजा रंग. केजचा पाइप जिथं डॅशबोर्डच्या बाजूनं खाली येतो तिथला जॉइंट एकदम काचेसारखा गुळगुळीत. वेल्डिंगचा काठच नाही. मी बोललो, तर भाचा म्हणतो मामा तुला गेट-ग्रिलमधलं कळतं, हे रेसिंगचं काम आहे, फिनिशिंग असंच असतं.

तर जाणकारांनी सांगा. अमेरिकेत वगैरे जे पोटापाण्यासाठी ही रेस खेळतात तिथं गाडी एकदा ठोकली की परत कधी पळवता येते, आणि "ही गाडी फिट आहे" असं सांगतो कोण? मालक, ड्रायव्हर, मेकॅनिक, की आणखी कुणी?

पम्या_हुटगीरोड
आधी फोटू टाका मामा. फोटूशिवाय धागा म्हणजे चटणीशिवाय भाकरी.

गेटग्रिल_मामा
टाकतो रे. मोबाइल पोराकडं आहे.

जुळेसोलापूर_ते_इंडियाना
मामा, तुमचा प्रश्न वाचून राहवेना म्हणून बऱ्याच महिन्यांनी लॉगिन केलं. मूळचा जुळे सोलापूरचा, नोकरीमुळे इंडियाना राज्यात येऊन पडलोय. इंडियानापोलिसला दरवर्षी लेबर डेच्या सुट्टीत ड्रॅग रेसिंगची सगळ्यात मोठी स्पर्धा असते, यूएस नॅशनल्स. पहिल्या वर्षी सहकाऱ्यानं ओढून नेलं, आता मीच लोकांना ओढून नेतो.

तिथं हा कारभार एनएचआरए म्हणजे नॅशनल हॉट रॉड असोसिएशन बघते. 1951 साली वॉली पार्क्स नावाच्या माणसानं ही संस्था काढली, आणि काढली ती मुळात याचसाठी की तिकडंही पोरं रस्त्यावरच पळवत होती. म्हणजे विजापूर रोडचा प्रश्न जुना आणि जागतिक आहे.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर एका वाक्यात: मालक नाही, ड्रायव्हर नाही, मेकॅनिक तर अजिबात नाही. 402 मीटर म्हणजे पाव मैल. ते 9.99 सेकंदात किंवा त्याहून कमी वेळात कापणाऱ्या गाडीच्या चासीला एनएचआरएच्या तपासनिसाकडून प्रमाणपत्र घ्यावं लागतं आणि त्याचा स्टिकर केजवर लागतो. तो स्टिकर जन्माचा नसतो, मुदत संपली की परत तपासणी. आणि गाडी ठोकली, चासी कापली, जोडली, बदलली, की मुदत शिल्लक असली तरी तपासनिसाला गाडी परत दाखवल्याशिवाय पळवता येत नाही.

आता मजा ऐका. तपासणीत तो माणूस नुसता डोळ्यानं बघत नाही. ध्वनिलहरींनी पाइपच्या भिंतीची जाडी मोजायचं यंत्र लावतो. केजच्या मुख्य पाइपाचा बाहेरचा व्यास साधारण 41 मिमी लागतो, साधं माइल्ड स्टील असेल तर भिंत 3 मिमीची, क्रोमोली म्हणजे 4130 स्टील असेल तर 2.1 मिमी चालते. क्रोमोलीला टिग वेल्डिंगच पाहिजे, माइल्ड स्टीलला मिग चालतं. आणि नियमावलीत सरळ लिहिलंय की वेल्डला ग्राइंडर मारायचा नाही. तुमचा तो काचेसारखा जॉइंट तिथं बघताक्षणी बाद झाला असता, मग आत काम कितीही चांगलं असू दे. भाच्याला सांगा, गेट-ग्रिलवाल्या मामाला बरोबर कळलंय.

वेल्डर_अण्णा
लाख मोलाचं बोललात. चाळीस वर्षं हातात होल्डर आहे माझ्या. आमचा उस्ताद म्हणायचा, टाका झाकला त्यानं चोरी केली. ग्राइंडर मारला की दोन गोष्टी होतात, एक तर वेल्ड पातळ होतो आणि दुसरं म्हणजे खाली नुसतं वरवर चिकटलंय की आतपर्यंत गेलंय ते कळायचा रस्ताच बंद. गेटला चालतं, घरमालकाला हात फिरवून बघायचं असतं ना. जिथं माणसाचं डोकं पाइपापासून चार बोटांवर आहे तिथं फिनिशिंग कशाला पाहिजे बे.

मामा, यंत्र नसेल तर एक करा. ताण येत नाही अशा जागी 3 मिमीचं भोक पाडा, तारेचा आकडा घालून भिंतीची जाडी मोजा. सगळं उघड होईल. परत ते भोक बुजवा मात्र.

शेंगा_चटणी
म्हणजे ते चासीचं सर्टिफिकेट आपल्या पीयूसीसारखं का?

पम्या_हुटगीरोड
@शेंगा_चटणी हो, फक्त तिकडं गाडी न्यावी लागते म्हणे.

ज्याची_गाडी_त्याचा_निर्णय
मला कळत नाही एवढं काय आहे त्यात. मोटरस्पोर्ट म्हटलं की जोखीम आलीच. ड्रायव्हर सज्ञान आहे, गाडी त्याची, पैसा त्याचा, हाडं त्याची. आपल्याकडं आधीच परवानग्या कमी आहेत का, त्यात आणखी एक टेबल कशाला वाढवायचं? भाच्याला पळवू द्या. 12-13 सेकंदांची गाडी असणार, विमान नाही ते. आणि मामा, सेकंडहँड गाडी म्हटलं की थोडी पुट्टी असतेच. लग्न जमवताना पण कुणी एक्स-रे काढत नाही.

डबल_भाकरी
लग्नाचं उदाहरण देऊन तुम्ही स्वतःचाच मुद्दा पाडलात असं नाही वाटत?

सर्व्हेअर_काका
विमा सर्व्हेअर म्हणून अर्धं आयुष्य सोलापूर-पुणे आणि सोलापूर-हैदराबाद रस्त्याच्या कडेला चेपलेल्या गाड्या मोजण्यात गेलं, म्हणून बोलतो. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या म्हणजे विम्यात धरलेल्या किमतीच्या 75 टक्क्यांवर गेला की आमच्याकडं गाडी टोटल लॉस धरतात. मग मालकाला पैसे मिळतात आणि गाडी भंगार म्हणून लिलावात जाते. इथवर ठीक. पण त्यातल्या बऱ्याच गाड्यांना पुढं पुनर्जन्म मिळतो. दोन गाड्यांचे अर्धे अर्धे भाग जोडून एक झालेली गाडी मी स्वतः बघितलीय, पुढून एका वर्षाची, मागून दुसऱ्या वर्षाची, आणि मालक अभिमानानं सांगत होता की सिंगल हँड आहे.

मामांना सुचवतो, आधी चासी नंबर घेऊन त्या गाडीवर मोठा क्लेम झालाय का बघा. पण एक अडचण आहे. रेसमध्ये ठोकली असेल तर क्लेम नसणारच, कारण नेहमीच्या पॉलिसीत शर्यत आणि वेगाच्या चाचण्या वगळलेल्या असतात. म्हणजे असली गाडी सर्व्हेअरच्या नजरेखालून जातच नाही. ठोकली, गॅरेजला गेली, रंगली, विकली. कागदावर एक ओरखडा नाही.

@ज्याची_गाडी, तुमची "हाडं त्याची" वगैरे भाषा ऐकायला मर्दानी आहे. त्या हाडांचं बिल बाप भरत असतो एवढंच.

जुळेसोलापूर_ते_इंडियाना
@ज्याची_गाडी_त्याचा_निर्णय, हाडं नुसती त्याची नसतात. 2010 च्या फेब्रुवारीत फिनिक्सजवळ अँट्रॉन ब्राऊनच्या टॉप फ्युएल गाडीचं चाक निखळलं आणि उडून एका प्रेक्षक बाईला लागलं, त्यात ती गेली. ब्राऊन स्वतः वाचला. ती बाई तिकीट काढून बघायला आली होती, तिनं कुठं जोखीम घेतली होती?

आता टॉप फ्युएल म्हणजे काय ते सांगतो, नाहीतर नियम एवढे कडक का ते पटणार नाही. लांबलचक डासासारखी गाडी, मागं व्ही-8 इंजिन, इंधन म्हणजे जवळपास 90 टक्के नायट्रोमिथेन, ताकद साधारण 11,000 अश्वशक्ती. उभ्या जागेवरून पावणेचार सेकंदांच्या आत वेग ताशी 530 किमीच्या वर.

पम्या_हुटगीरोड
50 अश्वशक्तीचा ट्रॅक्टर धरला तर 11,000 भागिले 50, म्हणजे 220 ट्रॅक्टर एका दोरीला. आमच्या गावात एवढे ट्रॅक्टर कारखान्याच्या गेटवर उसाच्या नंबरला उभे असतात, पण पावणेचार सेकंदात कोणी चहाची टपरीपण गाठत नाही.

कासेगावचा_गाडामालक
तुमचं ड्रॅग रेस ड्रॅग रेस काय चाललंय, आमची बैलगाडा शर्यत म्हणजे दुसरं काय? सरळ मैदान, झेंडा पडला की सुटायचं, गट, सेमी, फायनल. बंदी होती तेव्हा आम्ही काय भोगलं आम्हाला माहीत. 2021 च्या डिसेंबरात कोर्टानं तात्पुरती परवानगी दिली आणि 2023 च्या मेमध्ये सुप्रीम कोर्टानं कायदा कायम ठेवला, तेव्हा कुठं मैदानं परत भरायला लागली. पण नियम लावून. बैल पळायला फिट आहे असा पशुवैद्यकाचा दाखला लागतो. लंगडणारा बैल आपण जुपत नाही, आणि मालकाचं काळीज कितीही म्हणत असलं की माझा राजा पळेल, तरी दाखला मालक देत नाही, डॉक्टर देतो. मामांच्या प्रश्नाचं उत्तर आमच्या गोठ्यात आहे.

शेंगा_चटणी
हा प्रतिसाद बाद करणारा दुसरा मिळाला तर दाखवा. कडक.

ज्याची_गाडी_त्याचा_निर्णय
बैल मुका आहे, त्याला बोलता येत नाही म्हणून डॉक्टर लागतो. ड्रायव्हरला बोलता येतं. हा फरक आहे.

सिव्हिल_कॅज्युअल्टी
इथं मला बोलायलाच पाहिजे. अपघात विभागात काम करते, कुठल्या ते राहू दे. डोक्याला मार लागलेल्या माणसाला बोलता येतं हीच अडचण असते. तो बोलतो, "काही नाही झालं, मला घरी जाऊ द्या." बरोबरचे लोक पाणी मारतात, साखर टाकून चहा पाजतात आणि म्हणतात बघा शुद्धीवर आहे. दोन तासांनी तोच माणूस ओकत आणि असंबद्ध बोलत परत येतो. मेंदू हलला की आपण ठीक नाही हे ओळखायची ताकदच आधी जाते. त्यामुळे गाडीसोबत ड्रायव्हरपण "ठोकलेला" आहे आणि त्याचं मत त्या दिवशी ग्राह्य धरू नये, हे माझं डॉक्टर म्हणून नाही तर रोज बघणारी म्हणून म्हणणं.

प्रश्न असा की त्या अमेरिकन रेसमध्ये ड्रायव्हरची तपासणी होते का?

जुळेसोलापूर_ते_इंडियाना
@सिव्हिल_कॅज्युअल्टी, होते. अपघात झाला की ड्रायव्हर "मी बरा आहे" म्हणाला तरी वैद्यकीय पथक तपासतं आणि त्यांनी सोडल्याशिवाय तो परत बसत नाही. यामागं बरंच रक्त सांडलंय. 2007 च्या मार्चमध्ये एरिक मेडलेन नावाचा तरणा ड्रायव्हर गेन्सव्हिलला चाचणी घेत होता. मागच्या टायरमध्ये बिघाड झाला आणि गाडी इतकी जोरात थरथरली की डोकं केजमध्ये दोन्ही बाजूंना आपटत राहिलं. चार दिवसांनी तो गेला. त्यानंतर त्याच्या टीमनं, म्हणजे जॉन फोर्सच्या टीमनं, डोक्याभोवतीचं केज आणि त्यावरचं पॅडिंग नव्यानं बनवलं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये टेक्सासात खुद्द फोर्सच्या गाडीचे दोन तुकडे झाले, हातपाय मोडले, पण डोकं वाचलं. हा फोर्स म्हणजे सोळा वेळचा चॅम्पियन. 2024 ला वयाच्या पंचाहत्तरीत व्हर्जिनियात इंजिन फुटून भिंतीला धडकला, तेव्हा मात्र मेंदूला मार बसला आणि त्यानंतर शर्यतीत उतरला नाही.

आणि मूळ मुद्दा, गाडी बिघडलीय हे कोण ठरवतं, त्याचं सगळ्यात चांगलं उदाहरण सुटण्याच्या रेषेवर दिसतं. गाडी आधी टायर तापवायला बर्नआउट करते, मग रिव्हर्स घेऊन परत रेषेवर येते. तेवढ्या वेळात टीमची माणसं वाकून खाली बघत असतात, थेंब गळतोय का. आणि समोर एनएचआरएचा स्टार्टर उभा असतो. त्याला काही गळताना दिसलं की तो गळ्यावरून आडवा हात फिरवतो, इंजिन बंद. फायनल असू दे नाहीतर काही असू दे. ड्रायव्हर आत पट्ट्यांनी जखडलेला, पुढचं सोडून काही दिसत नाही, आणि हातातोंडाशी आलेला डाव. त्याला विचारून काय उपयोग? तो नाही म्हणणारच नाही.

ट्रॅकवर तेल सांडलं तर टीमला दंड आणि गुण कापले जातात. म्हणून इंजिनखाली जाड शोषक कापड बांधतात, त्याला चक्क डायपर म्हणतात.

पम्या_हुटगीरोड
डायपर!! 220 ट्रॅक्टरला डायपर!!

आरटीओ_समोरचा_चहावाला
हा धागा जेवताना वाचू नये.

डबल_भाकरी
@जुळेसोलापूर, पण मला एक सांगा, शर्यत चालू असताना मधेच गाडी बिघडली तर? तेव्हा थोडीच कोणी हात दाखवणार. 500 च्या वेगाला स्टार्टर मागं राहिला की.

जुळेसोलापूर_ते_इंडियाना
चांगला प्रश्न, आणि याचंच उत्तर सगळ्यात महागात पडलंय. 2008 चा जून, न्यू जर्सीतलं इंग्लिशटाउन. स्कॉट कॅलिटाच्या फनी कारचं (टॉप फ्युएलसारखंच इंजिन, पण वरनं साध्या गाडीसारखं कवच) इंजिन फुटलं, आग लागली, पॅराशूट निकामी झाली. ट्रॅकच्या शेवटी वाळूचा पट्टा होता, तो ओलांडून गाडी पलीकडं जाऊन आदळली. 46 वर्षांचा होता. पुढच्याच महिन्यापासून एनएचआरएनं टॉप फ्युएल आणि फनी कारची शर्यत 1,320 फुटांवरून 1,000 फुटांवर आणली. थांबायला 320 फूट जास्त मिळावेत म्हणून. तात्पुरतं म्हणून आणलं होतं, आजही तेच चालू आहे.

त्यानंतर गाडीतच एक यंत्रणा बसवायला लागले. इंजिनच्या मॅनिफोल्डवर मुद्दाम कमजोर ठेवलेली पट्टी असते, आत स्फोट झाला की ती आधी फुटते आणि दाब बाहेर जातो. ती फुटली की यंत्रणा आपोआप इंधन बंद करते आणि पॅराशूट सोडते. ड्रायव्हर बेशुद्ध असला तरी. म्हणजे तिथं ठरवणारा माणूसच काढून टाकला, कारण तेवढ्या वेळात माणसाला ठरवताच येत नाही.

पॅराशूटचा पण हिशोब ठरलेला आहे, ताशी 150 मैलांच्या पुढं एक, 200 मैलांच्या पुढं दोन.

कासेगावचा_गाडामालक
आमच्याकडं बैल थांबवायला शेवटी दहा पोरं पळत असतात. पॅराशूटचं काम तीच करतात.

एकदा_मार्शल_होतो
उशिरा आलो, पण मामांना कामाचं सांगतो. पुण्यात नोकरीला असताना एका धावपट्टीवरच्या ड्रॅग इव्हेंटला दोनदा मार्शल म्हणून उभा राहिलोय. आपल्याकडं रीतसर इव्हेंट असेल तर तो एफएमएससीआय या देशातल्या मोटरस्पोर्ट संघटनेच्या परवानगीनं होतो आणि तिथं स्क्रुटिनी म्हणजे शर्यतीआधी गाडीची तपासणी असते. स्क्रुटिनियर गाडी नाकारू शकतो, आणि गाडी ठोकली तर परत स्क्रुटिनीला आणावी लागते, हा जगभरचा नियम आहे.

पण आता खरं काय होतं ते. सकाळी सातपासून गाड्यांची रांग. स्क्रुटिनियर दोघं. ते बघतात काय, तर हेल्मेट, टायर, बॅटरी नीट बांधलीय का, काही गळतंय का, अग्निशामक सिलिंडर, सीटबेल्ट. मी असताना एका गाडीची बॅटरी चक्क सायकलच्या ट्यूबनं बांधलेली होती, तिला परत पाठवलं, तर मालक म्हणतो "साहेब ओढून बघा की, निघत नाही." एका गाडीला पाच मिनिटं मिळतात. तेवढ्यात केजवरचा रंग खरवडून खाली पुट्टी आहे का हे कोण बघणार? जो चुकीचं काम झाकून आणतो त्याला ते पकडायला मुळात बसलेलेच नाहीत. त्यामुळे मामा, तुमच्या शेडमध्ये जे दिसलं ते पुढं कुणालाच दिसणार नाही, असं धरून चाला.

ज्याची_गाडी_त्याचा_निर्णय
मग माझाच मुद्दा सिद्ध झाला ना. तपासनीस असून उपयोग नाही, शेवटी मालकालाच बघावं लागतं.

एकदा_मार्शल_होतो
मालक नाही बघत आहे साहेब. मामा बघतायत. मालकाला तर गाडी पळवायचीय.

वेल्डर_अण्णा
मामा कुठं गायब झाले? भोक पाडलं का?

आरटीओ_समोरचा_चहावाला
मामा उसाच्या ट्रॉलीखाली असतील. या आठवड्यात माझ्याकडं पण चहाला आले नाहीत.

शेंगा_चटणी
तोवर अवांतर: विमानांच्या वाटेत येणारी सिद्धेश्वर कारखान्याची चिमणी 2023 ला पाडली तेव्हा सगळे म्हणत होते आता विमानं उडणार. दोन वर्षांनी उडायला लागली. तर त्या धावपट्टीवर रविवारी ड्रॅग रेस का नाही भरवत? सोलापूरचं नाव होईल.

पम्या_हुटगीरोड
चटणी, तू शहाणा आहेस का बे. इतक्या वर्षांनी विमान मिळालंय, त्याला धावपट्टी मोकळी राहू दे.

गेटग्रिल_मामा
आलो. तीन दिवस भाचा बोलत नव्हता, आणि आता बहीण बोलत नाहीये.

अण्णांनी सांगितलं तसं केलं. पहिल्यांदा गाडी सपाट कोब्यावर लावली, चासीच्या ठरावीक भोकांमधून ओळंबे सोडले, जमिनीवर खडूनं खुणा केल्या, गाडी ढकलून बाजूला केली आणि कर्ण मोजले. ट्रॉलीची चासी आपण अशीच बघतो. एका कर्णात आणि दुसऱ्यात 14 मिमीचा फरक. नुसतं बंपर गेलेली गाडी एवढी तिरकी होत नाही. भाच्याला टेप धरायला लावला, म्हणजे नंतर मामानं खोटं मोजलं म्हणायला नको.

मग भोक. भिंत 1.6 मिमी. तिकडं 3 मिमी पाहिजे म्हणतात आणि हा खुर्च्या-टेबलांचा फर्निचर पाइप. आणि तो काचेसारखा जॉइंट वायर ब्रशनं घासला, रंग गेला, खाली पुट्टी, पुट्टीच्या खाली पाइप आणि पाइपाच्या मध्ये नाणं उभं जाईल एवढी फट. वेल्ड फक्त वरच्या बाजूनं, अर्ध्या गोलाला. ठोकल्यावर तो पाइप बहुतेक निसटला होता आणि तसाच दाबून टाका मारून वर मलम लावलंय.

मी दोन मिनिटं खालीच बसलो. हे केज भाच्याच्या डाव्या कानापासून वीतभर लांब आहे.

सर्व्हेअर_काका
14 मिमी म्हणजे मी असतो तर चहा न पिता टोटल लॉस लिहिला असता.

ज्याची_गाडी_त्याचा_निर्णय
ठीक आहे, हे काम वाईट आहे, मान्य. कुणी केलं असेल त्याला फटके पाहिजेत. पण तरी एक तांत्रिक मुद्दा आहेच. @जुळेसोलापूर, तुमच्याच एनएचआरएच्या नियमात 12-13 सेकंदांच्या गाडीला केज लागतं का? नाही ना? मग केज काढून टाका आणि पळवा.

जुळेसोलापूर_ते_इंडियाना
मुद्दा बरोबर आहे, उगाच नाही म्हणणार नाही. साधारण 11.49 सेकंदांच्या आत आलं की मागचा रोल बार, म्हणजे सीटमागचा पाइपचा कमानीसारखा आधार लागतो, 9.99 ला पूर्ण काम आणि प्रमाणपत्र. बंद छताच्या 12.8 च्या गाडीला केजची सक्ती नाही. आणि खरं सांगायचं तर असलं केज असण्यापेक्षा नसलेलं परवडलं, कारण सुटलेला पाइप आत भाल्यासारखा येतो.

पण तुम्ही 14 मिमी विसरलात. ती चासी केज काढून सरळ होत नाही. चारही चाकं एकाच दिशेला बघत नसतील तर टर्बो लागल्यावर ती एका बाजूला ओढणार, आणि आडवी होऊनच ती गाडी आधी ठोकली होती ना? आधी वाकडी होती म्हणून आडवी झाली की आडवी झाल्यावर वाकडी झाली, हे आता देवालाच माहीत.

मामा, आणखी एक. सीटबेल्ट त्याच गाडीतले असतील तर टाकून द्या. एकदा अपघातात ताणलेला पट्टा परत तेवढा झेलत नाही. एनएचआरएमध्ये तर न ठोकलेल्या गाडीच्या पट्ट्यालाही दोन वर्षांची मुदत असते, लेबलवर तारीख छापलेली असते. औषधासारखं.

सिव्हिल_कॅज्युअल्टी
बहिणीचा अबोला सुटेल. तुम्ही जे केलंत ते केलं नसतं तर तीच बाई आमच्या दारात बसली असती.

कासेगावचा_गाडामालक
बहिणीला म्हणावं बैलगाडा बघायला ये भाच्याला घेऊन. धूळ खा, पण घरी जा.

वेल्डर_अण्णा
ते केज कापलं का ठेवलंय?

गेटग्रिल_मामा
कापलं. कटर मीच चालवला. भाचा बाजूला उभा होता, काही बोलला नाही. तुकडे भंगारात दिले, त्या पैशात तिघांचा चहा आणि पोहे झाले. दोस्तांपैकी एकानं विकणाऱ्याला फोन लावला होता, त्यानं नंबर ब्लॉक केलाय. पुढच्या महिन्याच्या रेसचं नाव मागं घेतलं, भरलेली फी गेली.

गाडीचं काय करायचं ते ठरेना. दोस्त म्हणतात इंजिन आणि टर्बो काढून विकू, बॉडी भंगारात. भाचा मात्र काल रात्री उशिरा शेडवर आला, आईनं दिलेली चटणीची बरणी टेबलावर ठेवली आणि विचारतो, "मामा, 41 चा सीमलेस पाइप, भिंत 3 मिमी, सोलापुरात मिळंल का पुण्यातनं आणावा लागंल?" मी म्हटलं आधी सरळ चासीची गाडी आण, मग पाइपाचं बघू. आणि वेल्डला ग्राइंडर लागणार नाही, दिसायला कसंपण दिसू दे. हो म्हणाला.

कुणाला सीमलेसचा चांगला डीलर माहीत असेल तर निरोप टाका.

वेल्डर_अण्णा
निरोप टाकलाय. आणि वेल्डिंगला मी येतो, मजुरी नको, पोरानं टेप धरायचा.

पम्या_हुटगीरोड
सगळं झालं, केज कापलं, पोहे खाल्ले, चटणी आली. फोटू अजून आले न्हाईत मामा.